फ्लोअरवरची रीत

सालसा या जोडीने नाचायच्या लॅटिन नाचाच्या सोशलमध्ये, म्हणजे सगळे नाचायला जमतात त्या कार्यक्रमात, नाचायला विचारताना फार बोलावे लागत नाही. गाण्याच्या पहिल्या काही मात्रा वाजतात, कुणीतरी समोर येऊन नजरेला नजर देते, तळहात वर करून हात पुढे करते, आणि आपण त्यावर आपला हात ठेवला की होकार झाला. ज्याचे नाव, गाव, कामधंदा यांपैकी काहीही ठाऊक नाही अशा माणसाबरोबर पुढची चार-पाच मिनिटे आपण एका हाताच्या अंतरावर, कधी त्याहूनही जवळ, असतो. गाणे संपते, दोघेही एकमेकांचे आभार मानतात आणि आपापल्या वाटेला लागतात. बाहेरून डोकावणाऱ्याला तिथे मंद दिवे, घाम आणि कानठळ्या बसवणारा आवाज एवढेच दिसते, आणि त्याला वाटते की इथे सगळाच मोकळा कारभार असणार. न्यूयॉर्कमध्ये नाचू लागल्यापासून मला मात्र त्या मोकळेपणाहून त्याला तोलून धरणाऱ्या रीतीचे अप्रूप अधिक वाटत आले आहे. कुणाला कसे विचारावे, किती जवळ जावे, कुठे थांबावे, या सगळ्याला तिथे रीत आहे, आणि ती पाळली जाते म्हणूनच परक्याच्या हातात निर्धास्तपणे हात देता येतो.

मी जर्सी सिटीत राहते. शुक्रवारी काम आटोपले की पाथ गाडीने हडसन नदीखालून मॅनहॅटन गाठायचे आणि रात्री उशिरा त्याच गाडीने परतायचे, हा माझा गेल्या अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. तिथे नाचायला जाण्याच्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत. एक क्लब, जिथे बार असतो, चांगला दिवस असेल तर मंचावर दहा-बारा वादकांचा ऑर्केस्ट्रा असतो आणि नाचणाऱ्यांइतकीच नुसती बसायला आलेली माणसे असतात. दुसरी जागा म्हणजे नृत्यशाळेतला सोशल: जुन्या व्यापारी इमारतीचा वरचा मजला, भिंतभर आरसे, लाकडी जमीन, कोपऱ्यात पाण्याचा कूलर. सुरुवातीला तासभर नवशिक्यांचा वर्ग होतो आणि मग दिवे मंद करून डीजे गाणी लावू लागतो. मला दुसरी जागा अधिक आवडते, कारण तिथे येणारा प्रत्येक जण फक्त नाचायला आलेला असतो. दाराजवळच्या बाकावर सगळे बसून बूट बदलतात. नाचाच्या बुटांचा तळ मऊ, लव असलेल्या चामड्याचा असतो. तो जमिनीला पुरता धरत नाही आणि पुरता सोडतही नाही, त्यामुळे गिरकी घेताना गुडघ्याला पीळ बसत नाही. पुरुषांच्या पिशवीत दोन-तीन कोरे शर्ट, एक पंचा आणि पेपरमिंटच्या गोळ्या असतात. दर तासा-दीड तासाने घामाने भिजलेला शर्ट बदलून येणारा माणूस मला पहिल्या पाऊलाआधीच सभ्य वाटू लागतो.

या रीतीचे मूळ संगीतात आहे, म्हणून आधी त्याबद्दल सांगायला हवे. सालसाचा कणा म्हणजे क्लावे: लाकडाच्या दोन आखूड दांड्या एकमेकींवर आपटून वाजवलेला पाच ठोक्यांचा बोल. आठ मात्रांच्या आवर्तनात एका अर्ध्यात तीन ठोके पडतात आणि दुसऱ्या अर्ध्यात दोन. कधी तीनची बाजू आधी येते, कधी दोनची. पण एकदा गाणे सुरू झाले की पियानो, बास, ट्रम्पेट, गायक, सगळ्यांना त्याच आकृतीत बसावे लागते. गंमत अशी की पुष्कळ गाण्यांत क्लावेच्या दांड्या प्रत्यक्षात कुणी वाजवतही नाही. ती न वाजताही सर्वांना ऐकू येत असते. तिच्याखाली काँगा हे उंच, एका बाजूने मढवलेले चर्मवाद्य चालते. त्याच्या दुसऱ्या मात्रेवर कोरडी थाप पडते आणि चौथ्या मात्रेपाशी दोन खुले, घुमणारे बोल येतात. गाण्याची लय मिनिटाला साधारण 180 ते 200 मात्रांची असते. म्हणजे विचार करून पाऊल टाकायला वेळच नसतो, पाऊल कानातूनच यावे लागते.

नाचणारा आठपैकी सहा मात्रांवर पाऊल टाकतो. चौथी आणि आठवी मात्रा तो सोडून देतो. पुढे जाणारे शरीर मागे वळवणारे जे पाऊल असते ते कोणत्या मात्रेवर घ्यायचे, यावरून नाचणाऱ्यांचे पंथ पडतात. जगात बहुतेक ठिकाणी ते पहिल्या मात्रेवर घेतात. न्यूयॉर्कचा रिवाज ते दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर घेण्याचा आहे. ही चाल एका ठरावीक मोजणीत बसवून पिढ्यान्पिढ्यांना शिकवण्याचे श्रेय एडी टॉरेस यांना दिले जाते. ते तितो पुएन्ते यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर नाचत असत, त्यामुळे त्यांची मोजणी वादकांच्या सहवासातून आलेली आहे. दुसऱ्या मात्रेवर वळणे म्हणजे काँगाच्या कोरड्या थापेबरोबर वळणे. पहिल्या मात्रेवर नाचणाऱ्यांचा जोम वेगळा असतो आणि त्यांच्याशी माझे काही भांडण नाही, पण दुसऱ्या मात्रेवर नाचताना आपण वाद्यवृंदातलेच एक वाद्य झालो आहोत असे जे वाटते, त्याला माझ्या मनात तोड नाही.

मग गाणे अर्ध्यावर येते आणि त्याचे रूप पालटते. कथा सांगणारे कडवे संपते, पियानोवर एकच छोटी, चक्राकार फिरणारी आकृती सुरू होते आणि मागचे गायक एक ओळ धरून ठेवतात. मुख्य गायक त्या ओळीच्या मधल्या जागेत दर वेळी नवे शब्द जागच्या जागी रचत जातो. शाहिरामागे झील धरणारे उभे असतात तसेच हे आहे, आणि ज्याने लहानपणी गावच्या जत्रेत पोवाडा ऐकला आहे त्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. या भागाला मोन्तुनो म्हणतात. तो सुरू होतो त्या क्षणी मंचावरचा बोंगोवादक मांडीतला बोंगो बाजूला ठेवतो आणि हातात धरायची जाडजूड लोखंडी घंटा उचलतो. त्या घंटेचा पहिला ठणत्कार झाला की संपूर्ण फ्लोअरचा खांदा एकदम खाली येतो, पावले रुंदावतात, आणि तोपर्यंत आवरून नाचणारेही खुलतात.

हे सारे ऐकणाऱ्या दोन माणसांचे एकमत एवढ्या वेगात कसे होते, हा प्रश्न मला अजूनही विस्मित करतो. जोडीतला एक जण नेतो आणि दुसरा त्याच्या इशाऱ्यावर चालतो. पुष्कळदा नेणारा पुरुष आणि दुसरी स्त्री असते, तरी न्यूयॉर्कमध्ये स्त्रिया नेतात, पुरुष इशाऱ्यावर चालतात आणि दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष एकत्र नाचतात हेही आता नित्याचे आहे. मी बहुधा इशाऱ्यावर चालते. इशारा हातातून येतो, पण बोटांनी घट्ट पकडायचे नसते. माझी बोटे आकड्यासारखी किंचित वळलेली, त्याची खालून आधार दिलेली, आणि अंगठा कुणीच दाबायचा नाही. त्याने ओढले तर माझ्या खांद्याच्या पात्याने तेवढाच हलका ताण द्यायचा. दिला नाही तर हात लोंबकळतो आणि निरोप पोहोचतच नाही, जास्त दिला तर दोघांचे खांदे दुखतात. नेणारा जागा सोडून बाजूला होतो आणि समोरची वाट मोकळी करतो. मी त्या वाटेने सरळ रेषेत पलीकडच्या टोकाला जाते. सगळा नाच अशा एका अरुंद, अदृश्य पट्टीवर घडतो, त्यामुळे दाटीच्या फ्लोअरवरही शेजारच्या जोडीला धक्का लागत नाही.

नेणारा सर्व काही ठरवतो आणि दुसऱ्याने फक्त मान तुकवायची, असे दुरून वाटते. मला अनुभव उलटा आहे. वाट तो दाखवतो. पण त्या वाटेवर पाऊल केवढे टाकायचे, गिरकी मात्रेच्या आधी पुरी करून क्षणभर थांबायचे की शेवटच्या कणापर्यंत रेंगाळत न्यायची, ट्रम्पेटच्या झटक्याला खांद्याने उत्तर द्यायचे की ते जाऊ द्यायचे, हे मी ठरवते. आणि जो चांगला नेतो तो माझे उत्तर ऐकून पुढचा इशारा बदलतो. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे अंदाज न बांधणे. नेहमीच्या सवयीने पुढची हालचाल आधीच करून टाकणारी नर्तकी कितीही तयारीची असो, तिच्याबरोबर कुणालाच संवाद करता येत नाही.

एका सोशलला ब्राँक्समध्ये वाढलेले, सत्तरीच्या पुढचे एक पुएर्तोरिकन गृहस्थ नेहमी येत असत: इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, चकचकीत केलेले दोन रंगी बूट. त्यांनी मला विचारले तेव्हा मी शिकाऊच होते, पण आत्मविश्वास भरपूर होता. तीन मिनिटे त्यांनी मला एकही गिरकी दिली नाही. नुसते साधे पाऊल, मधूनच जागेची अदलाबदल, आणि चेहऱ्यावर गाणे ऐकत असल्याचा शांत भाव. माझी चुळबूळ त्यांना हातातून कळली असावी. ते कानाशी वाकून म्हणाले, “घाई करू नकोस, घंटा येऊ दे.” आणि घंटा आली. त्याच मात्रेवर त्यांनी माझा हात जेमतेम चार बोटे वर उचलला आणि मी एक गिरकी घेतली, एकच. ती ज्या ठिकाणी संपली तिथे ट्रम्पेट वाजले. त्यानंतर मी कितीतरी गुंतागुंतीच्या गिरक्या शिकले आणि केल्या, पण गिरकी संगीताने मागावी लागते हे त्या एका गिरकीने मला शिकवले.

अशी माणसे जिथून आली ती परंपरा फार जुनी नाही आणि ती श्रीमंतांनी घडवलेली नाही. ब्रॉडवे आणि 53व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पॅलेडियम बॉलरूम होता. 1940च्या दशकाच्या अखेरीस तिथे क्युबन संगीत वाजू लागले आणि माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रोद्रिगेस या तिघांच्या ऑर्केस्ट्रांनी त्याला मांबो या सालसाच्या आधीच्या नाचाचे माहेरघर केले. पूर्व हार्लेम आणि ब्राँक्समधले पुएर्तोरिकन कामगार, हार्लेमचे कृष्णवर्णीय, ब्रुकलिनचे ज्यू आणि इटालियन कुटुंबांतली तरुण मुलेमुली असे सगळे तिथे एकाच फ्लोअरवर नाचत होते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत वर्णभेद तेव्हा कायद्याने चालू होता, हे लक्षात घेतले की या गोष्टीचे मोल कळते. तिथली सर्वांत गाजलेली जोडी म्हणजे ‘क्युबन पीट’ नावाने ओळखला जाणारा पेद्रो आगिलार आणि मिली डोने. तो पुएर्तो रिकोचा, ती इटालियन वंशाची. पॅलेडियम 1966 मध्ये बंद झाला, पण परक्याला हात पुढे करण्याची ती रीत शहरात राहिली.

पुढचा टप्पा मी थोडक्यात सांगते, कारण तो ध्वनिमुद्रणांचा आणि व्यापाराचा इतिहास आहे. 1964 मध्ये डोमिनिकन संगीतकार जॉनी पाचेको आणि वकील जेरी मसुची यांनी फानिया रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. 26 ऑगस्ट 1971 रोजी मॅनहॅटनच्या चीता क्लबमध्ये फानियाच्या कलाकारांची एकत्र मैफल झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सालसा हे नाव जगभर गेले. क्युबा सोडून आलेली सेलिया क्रुस याच मंडळींबरोबर गायली. 2003 मध्ये तिचा अंत झाला तो न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावी, आणि डीजेने तिचे गाणे लावले की आजही न्यू जर्सीकर जरा जास्तच जोरात ओरडतात.

मी नाचायला जाते हे प्रथम कळले तेव्हा आईने फोनवर विचारले होते, “कोण असतात गं ही माणसं? घरचं कुणी ओळखीचं असतं का?” तिचा प्रश्न मला रास्त वाटला. साताऱ्यातल्या आमच्या घरी परक्या पुरुषाच्या हातात हात देण्याचा प्रसंग लग्नात येत असे, तोही अंतरपाट दूर झाल्यावर. मी तिला सांगितले की तिथे रुग्णालयातली परिचारिका असते, भुयारी रेल्वेचा मोटरमन असतो, शाळेतला शिक्षक, कोरियन विद्यार्थिनी, निवृत्त टपालवाला असतो. आणि कुणीही न विचारता हात धरत नाही. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “विचारतात ना? मग झालं.” पुढे ती इकडे आली तेव्हा मी तिला एका दुपारच्या सोशलला घेऊन गेले. ती भिंतीशी खुर्चीवर बसली आणि सबंध वेळ तिने पायाने ताल धरला. तो बहुतांशी दुसऱ्या मात्रेवर पडत होता.

विचारण्याच्या बरोबरीने नकाराचीही रीत आहे, आणि माझ्या मते फ्लोअर किती चांगला आहे हे नकारावरूनच ओळखावे. ‘आत्ता नको, थोडी दमले आहे’ एवढे पुरते. कारण देणे बंधनकारक नसते आणि विचारणाऱ्याने मान हलवून हसत पुढे जायचे असते. नकार दिला तर त्याच गाण्यावर लगेच दुसऱ्याबरोबर उभे राहू नये, हा शिष्टाचार पुष्कळ जण मानतात. मीही मानते, मात्र ज्याने आधी त्रास दिला आहे त्याच्या बाबतीत अजिबात मानत नाही. अनोळखी जोडीदाराला मागे वाकवून आपल्या हातावर झेलायचे नाही, कारण तिची पाठ, तिचे वय, तिची जुनी दुखापत यांतले काहीच आपल्याला ठाऊक नसते. नाचता नाचता शिकवायचे नाही. माझ्या पावलातला दोष कुणी गाण्याच्या मध्येच थांबवून सांगू लागले की मला वाईट वाटते ते चुकीबद्दल नव्हे. वाजत राहिलेल्या गाण्याकडे आम्हा दोघांचेही दुर्लक्ष झाले याबद्दल. आणि कुणाला कोपर किंवा टाच लागली तर चूक कुणाची हे न पाहता दोन्ही जोड्यांनी क्षणभर थांबून हात वर करायचा. एकदा माझ्या पायावर शेजारच्या बाईंची टाच पडली आणि चांगलेच रक्त आले. त्यांनी, त्यांच्या जोडीदाराने आणि माझ्या जोडीदाराने मिळून मला खुर्चीपर्यंत नेले, आणि पुढचे सबंध गाणे त्या तिघांनीही सोडून दिले.

बचाताच्या वेळी या रीतीची खरी परीक्षा होते. बचाता हा डोमिनिकन रिपब्लिकचा संगीताचा आणि नाचाचा प्रकार. गिटार, बोंगो आणि धातूच्या खरखरीत ग्विरावर चालणारा. तीन पावले आणि चौथ्या मात्रेवर कमरेची हलकीशी उसळी. त्याचे पहिले ध्वनिमुद्रण 1962 मध्ये होसे मानुएल काल्देरोनने केले. त्यानंतर कित्येक वर्षे तिथल्या प्रतिष्ठित लोकांनी त्याला गरिबांचे, गुत्त्यातले गाणे म्हणून हिणवले. 2019 मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हल्ली शहरांत जो बचाता नाचला जातो तो पुष्कळदा छातीला छाती लावून असतो. इथे अंतर ठरवण्याचा अधिकार इशाऱ्यावर चालणाऱ्याचा आहे. नेणाऱ्याने आधी मोकळ्या हातांनी सुरुवात करायची. समोरची व्यक्ती स्वतः जवळ आली तरच जवळ घ्यायचे. तिने तळहात त्याच्या खांद्याच्या पुढच्या बाजूला टेकवला की याहून पुढे नाही, हे कळायला हवे. ज्याला हे कळत नाही त्याच्याबरोबर मी गाणे मध्येच थांबवते, आभार मानते आणि फ्लोअर सोडते. पूर्वी मला हे जड जात असे, कारण मध्येच निघून जाणे हा आपल्या वळणात उद्धटपणा समजला जातो. जुन्या नर्तकींना तसे करताना पाहून मला धीर आला. त्यांच्या चालण्यात राग नसे. त्या पाणी पीत आणि पुढच्या गाण्याला दुसऱ्या कुणापुढे हात करीत.

हे सगळे इतके तपशिलात लिहावेसे वाटले त्याला निमित्त आहे माझ्या भाचीचे. पुण्या-मुंबईत आता सालसा-बचाताचे सोशल भरतात, आणि ती पुण्यातल्या एका सोशलला जाऊ लागली आहे. परवा तिने विचारले, “मावशी, एकानंच सलग तिसरं गाणं मागितलं आणि मला नको असलं, तर काय सांगू?” मी म्हटले, “काहीच सांगू नकोस. ‘थँक यू’ म्हण आणि फ्लोअरवरून बाहेर ये.” तिला ते कोरडे वाटले. तिच्या मैत्रिणी घरच्या फोनची सबब सांगतात म्हणाली. मी तिला संयोजकांशी बोलायला सांगितले आहे: नवशिक्यांच्या वर्गात पहिल्या दहा मिनिटांत पावलांआधी विचारणे आणि नाकारणे शिकवा, मुलींनीही मुलांना विचारावे हे तेव्हाच सांगून टाका, आणि कुणाचा त्रास झाला तर जिच्याकडे जाऊन बोलता येईल अशी एक व्यक्ती रात्रभर दाराशी ठेवा. संयोजकांनी ऐकून घेतले, असे तिने कळवले आहे. पुढच्या वर्गात ती स्वतः नेणाऱ्यांच्या रांगेत उभी राहणार आहे.